ट्राउटचा हंगाम आणि दिवसाचे सहा मासे: साताऱ्याहून निघण्याआधी वाचा

धोमला, कण्हेरला, नाहीतर माहुलीच्या संगमावर वर्षानुवर्षं गळ टाकणारी माणसं हिमाचलात ट्राउटला, म्हणजे तिथल्या गार नद्यांतल्या माशाला, जातात आणि हात हलवत परत येतात. एखादा दंड भरूनही येतो. मासा धरायच्या कसबात ही माणसं कुठेच कमी नसतात. चुकतं ते साताऱ्यात, रेल्वेचं तिकीट काढताना. उरलेली चूक होते ती मासा हातात आल्यावर, कारण तो मोजायची आणि सोडायची सवय आपल्या हाताला नसते.

खाली जे लिहिलंय ते हिमाचल प्रदेशातल्या ट्राउटच्या नद्यांपुरतं आहे: तीर्थन, सैंज, बरोटची उहल, रोहडूची पब्बर, सांगल्याची बास्पा. काश्मीर, निलगिरी आणि मुन्नारलाही ट्राउट आहे, पण तिथले नियम वेगळे. हिमाचलचे आकडे तिकडे लावू नका. उदाहरण सगळीकडे तीर्थनचं घेतलंय, कारण आमची मंडळी तिथेच जातात.

१. आधी तारीख, मग तिकीट

हिमाचलात ट्राउटचा हंगाम १ मार्चला उघडतो आणि ३१ ऑक्टोबरला संपतो. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी. गोम अशी की आपली मोठी सुट्टी दिवाळीची, दिवाळी तिथीने येते आणि बंदी तारखेने. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे त्या दिवाळीत ट्राउट नाही. २०२७ मध्ये ते २९ ऑक्टोबरला आहे. लक्ष्मीपूजन करून निघालात तर पोचेपर्यंत हंगाम संपलेला असेल. २०२८ मध्ये १७ ऑक्टोबरला, तेव्हा खुशाल जा. आमची पहिली फेरी अशीच नोव्हेंबरात गेली. मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारलं होतं, तर पलीकडून "हो जाएगा जी" एवढंच उत्तर आलं. ते खोलीबद्दल होतं, हे तिथे गेल्यावर कळलं.

बंदी नेमकी तेव्हाच का, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे येतात, गाभोळीने तट्ट फुगलेले, आणि अर्धा गाव काठ्या-कोयते घेऊन ओढ्यात उतरतो. पुढच्या दोन वर्षांचे मासे त्या एका रात्रीत कालवणात जातात. ट्राउटचा मृग हिवाळ्यात येतो. ब्राउन ट्राउट साधारण ऑक्टोबरअखेरपासून आणि रेनबो ही दुसरी जात त्यानंतर, नदीच्या तळातली बारीक खडी शेपटीने उकरून तिच्यात अंडी घालते. गार पाण्यात अंडी फुटायलाच दीड-दोन महिने लागतात. चार महिन्यांची बंदी म्हणूनच.

हंगाम उघडा असला म्हणजे मासा लागेलच असंही नाही. महिने असे समजा:

मार्च ते जूनचा पहिला पंधरवडा: पाणी स्वच्छ, मासा भुकेला. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळतं, त्यामुळे दुपारनंतर पाणी चढतं आणि गढुळतं. सकाळ आपली.

जूनअखेर ते ऑगस्ट: कायद्याने खुलं, पण पाणी चहासारखं. डोंगर खचतात, रस्ते बंद पडतात. जाऊ नका.

सप्टेंबरचा मध्य ते ३१ ऑक्टोबर: सगळ्यात देखणं पाणी. गंमत म्हणजे नेमकं याच दिवसांत पितृपक्ष आणि नवरात्र येतं. पाळणाऱ्यांनी धरून सोडावेत, पुण्यही लागेल.

सावधान: हिवाळ्यात तिथल्या हॉटेलांत ट्राउट मिळते, म्हणून हंगाम चालू असेल असं समजू नका. ती शेततळ्यातली, फार्मची ट्राउट असते आणि बारा महिने विकली जाते. उलट्या बाजूचा घोळही होतो: पावसाळ्यात हिमाचलात दोन महिने मासेमारीबंदी असल्याची बातमी येते आणि लोक घाबरून मेचं तिकीट रद्द करतात. ती बंदी गोविंदसागर, पोंगसारख्या जलाशयांची आणि इतर सर्वसाधारण पाण्याची. ट्राउटच्या नद्यांची बंदी हिवाळ्याची.

तपासा: तिकीट काढण्याआधी मत्स्य विभागाच्या कार्यालयात फोन करून त्या वर्षीच्या तारखा विचारून घ्या. हॉटेलवाल्याला, गाडीवाल्याला नको.

२. परवाना: कोणाचा, किती दिवसांचा, कुठला

परवाना हिमाचलचा मत्स्य विभाग देतो, दिवसाच्या हिशेबाने आणि माणसाच्या नावाने. चौघं गेलात आणि चौघंही गळ टाकणार असाल तर परवाने चार. "एकाच्या नावावर घेऊ, आळीपाळीने टाकू" हा हिशेब चालत नाही. परवाना ज्याचा, रॉड त्याच्याच हातात.

परवाना हातात आला की खिशात कोंबू नका, तिथेच उभ्या उभ्या वाचा. त्यातल्या चार गोष्टी वहीत उतरवा: कोणत्या तारखा, नदीचा कोणता पट्टा, माशाची किमान लांबी, आणि कोणतं आमिष चालतं. न कळलं तर खिडकीवरच विचारा. नदीवर भेटणाऱ्या राखणदाराला विचारायची वेळ येते तेव्हा उशीर झालेला असतो. हा राखणदार खरंच फिरतो. आपल्याकडे धरणावर ठेकेदाराचा माणूस ओळखीचा निघतो आणि गप्पांवर भागतं. तिथे भागत नाही.

तीर्थनचा वरचा भाग ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात जातो. उद्यानाच्या आत गळ टाकायचा नाही, परवाना असला तरीही. चांदोलीच्या आत जसं आपण रॉड घेऊन शिरत नाही, तसंच.

तपासा: मूळ परवाना, ओळखपत्र आणि पेन एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. मोबाइलमध्ये फोटो असावा, पण नदीकाठी मोबाइल भिजतो आणि रेंजही नसते.

३. सामान: काय घरी ठेवायचं

कृष्णेवरचं निम्मं सामान घरी ठेवा. कटल्यासाठी घेतलेला जाड रॉड, शिशाचे गोळे, मासा लागल्यावर वाजणारं घुंगरू, पेंडीचा डबा हे सगळं घरी. शेंगदाण्याची पेंड किंवा कणकेचा गोळा टाकून बसलात तर ट्राउट ढुंकून बघणार नाही. हा मासा पाण्यातले किडे आणि बारके मासे खातो, तेही वाहत्या पाण्यात, धावत येऊन.

न्यायचं ते एवढं:

सहा-सात फुटी हलका रॉड, लहान रीळ आणि दोन-तीन किलो ताकदीचा तंगूस, म्हणजे गळाची दोरी. दहा किलोचा तंगूस त्या काचेसारख्या पाण्यात दोरखंडासारखा दिसतो.

तीन ते सात ग्रॅमचे फिरकीचे आणि चमच्याचे लूर, म्हणजे खोटी आमिषं. विकत घेताना त्यांना तीन टोकांचा गळ असतो. तो काढा, एकच टोकाचा बसवा आणि टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. हे काम साताऱ्यातच, घरी टेबलावर, चष्मा लावून करायचं. नदीवर बोटं गारठलेली असतात, तिथे कोणी करत नाही.

रबरी जाळीचा हात-जाळा. साध्या नायलॉनच्या गाठीच्या जाळीने माशाची बुळबुळ सोलून निघते आणि पर फाटतात.

लांब चिमटा, छोटी कात्री, पाण्याचा थर्मामीटर, मोजपट्टी.

बुटांच्या तळाला चांगली पकड हवी. गोट्यांवर शेवाळ असतं. आपल्या गमबुटात तिथे उभंही राहता येत नाही.

मोजपट्टीची एक युक्ती सांगतो. परवान्यावर जी किमान लांबी लिहिली असेल, ती रॉडच्या बुडापासून मोजून तिथे लाल इन्सुलेशन टेप गुंडाळा. मासा पाण्यातच रॉडला लावून पाहता येतो. पट्टी शोधण्यात जाणारं अर्धं मिनिट माशाच्या जिवावरचं असतं.

तपासा: गळावरून कापसाचा बोळा ओढून बघा. अडकला तर उलटा काटा अजून शिल्लक आहे.

४. पोचणं

साताऱ्याहून किंवा सांगलीहून गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीन, दिल्लीहून रात्रीची मनालीची बस, आणि पहाटे औटच्या बोगद्याजवळ उतरायचं. ड्रायव्हरला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, नाहीतर कुल्लूत जागे व्हाल. औटहून बंजार, तिथून तीर्थनकाठचं गुशैणी. बंजारची उंची जवळजवळ महाबळेश्वराएवढीच, पण वेण्णा तलावाच्या अंदाजाने पाण्यात पाय घालाल तर ओरडाल. विमानाने जात असाल तर गळ आणि पकडी खाली टाकायच्या सामानात.

पोचल्याच्या दिवशी गळ टाकू नका. परवाना घ्या, पट्टा चालून बघा, झोपा.

५. नदीवरचा पहिला तास

डोह बघून बैठक मारायची, गळ टाकायचा, बिडी पेटवायची आणि घुंगरू वाजायची वाट बघायची ही आपली पद्धत. तीर्थनवर तसं बसलात तर संध्याकाळपर्यंत बसूनच राहाल. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एखाद्या धोंड्याच्या आडोशाला उभी असते. धावतं आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं, ती रेघ शोधा. खाणं त्या रेघेवरून वाहत येतं, म्हणून मासाही तिथेच. तुम्ही खालून वर चालायचं, म्हणजे माशाच्या पाठीमागून. लूर त्याच्या वरच्या अंगाला टाका आणि प्रवाहासोबत खाली आणा. एका जागी पाच-सात वेळा टाकून काही झालं नाही तर पुढे.

पाण्यात उतरण्याआधी तीन गोष्टी करा.

पहिली, थर्मामीटर बुडवून बघा. पाणी २० अंशांच्या वर असेल तर थांबा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. दमलेली ट्राउट सोडली तरी जगत नाही. जूनमध्ये खालच्या पट्ट्यात दुपारी असं होऊ शकतं. वर सरका किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे या.

दुसरी, तळ बघा. बाकी तळ शेवाळाने काळपट आणि मध्येच परातीएवढा किंवा त्याहून मोठा उजळ, धुतल्यासारखा खडीचा तुकडा दिसला तर त्यावर पाय देऊ नका. तिथे अंडी किंवा नुकती फुटलेली पिल्लं असतात. मार्चमध्ये हंगाम उघडला तरी खडीतली बाळंतिणीची खोली रिकामी झालेली नसते. परवाना काढून, नियम पाळून, वर शंभर पिल्लं बुटाखाली चिरडणारे मी बघितलेत.

तिसरी, परतीची वाट. एखादा धोंडा खूण म्हणून धरा. तो बुडायला लागला की बाहेर.

सावधान: लारजी धरणाच्या खाली ब्यासच्या पात्रात उतरू नका. जून २०१४ मध्ये लारजीतून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. थोड्या वेळापूर्वी तिथे कोरडे गोटे होते. कोयनेचं पाणी सुटताना भोंगा वाजतो आणि पाटण-कऱ्हाडला फोन जातात, तेव्हा आपण गाई वर आणतो. परक्या नदीवर तो भोंगा आपल्या कानाच्या ओळखीचा नसतो. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पानं वाहत आली, की काही बघायचं नाही, वर चढायचं.

६. मासा लागला: हात आधी, डोकं मग

इथे क्रम चुकला की सगळं चुकतं. क्रम असा: हात ओले करा, मासा जाळ्यात पण पाण्यातच ठेवा, ओळखा, मोजा, ठरवा. मगच बाहेर काढा.

आपला हात उलट वागतो. मरळ निसटते म्हणून आपण कोरडं फडकं घेऊन आवळतो, कटल्याच्या कल्ल्यात बोट घालून उचलतो, आणि मग फोटो. ट्राउटच्या अंगावरची बुळबुळ हेच तिचं कातडं समजा. कोरड्या हाताने ती निघाली की तिथे बुरशी धरते. मासा त्या वेळी पोहत जातो, तुम्ही खूश होता, आणि आठवड्याने तो मरतो. कल्ल्यात बोट घातलं तर आठवडाही लागत नाही.

ओळख: ब्राउनचं अंग पिवळट तपकिरी, त्यावर काळे आणि लाल ठिपके, ठिपक्यांभोवती फिकट कडं, शेपटी जवळजवळ स्वच्छ. रेनबोच्या कुशीवर गुलाबी पट्टा आणि काळे ठिपके शेपटीवरही. दोघींच्या पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक छोटा मांसल पर असतो. तो नसेल आणि तोंड खालच्या बाजूला वळलेलं असेल, तर तो स्नो ट्राउट नावाचा तिथला मूळचा मासा. नाव ट्राउटचं, घराणं रोहू-कटल्याचं. परवान्यात त्याचं काही लिहिलेलं नसेल तर सोडून द्या.

मोजमाप: तोंड मिटलेलं, मासा सरळ, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. शेपटी ओढून ताणायची नाही. टेपच्या रेघेला कसाबसा टेकतोय असं वाटलं तर तो लहानच समजा.

ठरवायला एक श्वास पुरतो. सोडायचा असेल तर चिमट्याने गळ काढा. काटा दाबलेला असेल तर तो आपणहून सुटतो. गळ घशात खोल गेला असेल तर खेचाखेची नको, तंगूस तोंडाजवळ कापा आणि सोडा. पाण्याबाहेर दहा सेकंदांच्या वर नाही; तुम्ही स्वतः दम कोंडून बघा म्हणजे अंदाज येतो. मग पोटाखाली तळहात धरून, तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतः शेपटी मारून जाईपर्यंत थांबा. फेकू नका. देवळातल्या तळ्यात लाह्या टाकल्यासारखे मासे फेकणारे लोक असतात.

७. सहाचा हिशेब

एका परवान्यावर दिवसाला सहा ट्राउट. इतकं सोपं वाक्य, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच. ऐकलेले सगळे बहाणे इथे लिहितो.

"आम्ही सहा जण, म्हणजे छत्तीस." परवाने दोघांचेच. मग बाराच. त्यातही एकाने आठ आणि दुसऱ्याने चार, असं नाही. ज्याचे त्याचे सहा.

"काल दोनच मिळाले, आज दहा चालतील." शिल्लक पुढच्या दिवसावर जात नाही. हे सोसायटीचं खातं नव्हे.

"तो मेलेलाच निघाला, तो कसा धरायचा?" धरायचाच. तुमच्या गळाने मेलेला मासा तुमचाच, मोजा.

"छोटा सोडून हा मोठा ठेवतो." ही सगळ्यात वाईट खोड. कल्ल्यातून काडी ओवून मासे पाण्यात बांधून ठेवायचे आणि मोठा लागला की त्यातला लहान सोडायचा. तो अर्धमेला असतो; तुम्ही आकडा सहाच ठेवता आणि नदी आठ गमावते. एकदा ठेवायचा ठरवला की तो ठेवला.

"सकाळी सहा घरी दिले, दुपारी पुन्हा जातो." दिवस एकच आहे.

यावर माझा उपाय अगदी साधा आहे. सकाळी सहा सुताचे तुकडे शर्टाच्या उजव्या खिशात. ठेवलेल्या प्रत्येक माशाला एक गाठ. खिसा रिकामा झाला की रॉड सुटा करून पिशवीत. शिवाय मासा ठेवला की लगेच वहीत वेळ आणि लांबी. राखणदार आला तर वही आणि परवाना दोन्ही पुढे करायचे. दोन वर्षांपूर्वी एकाने माझी वही पाहून चहा पाजला होता.

सहा भरलेच पाहिजेत, असं मात्र परवान्यावर कुठे लिहिलेलं नसतं. दोघांच्या जेवणाला दोन पुरतात. घरी न्यायला हवेत तर खोऱ्यात ट्राउटचे फार्म आहेत, तिथून विकत घ्या. पावती जपून ठेवा आणि हे मासे नदीच्या माशांपासून वेगळ्या पिशवीत ठेवा. एकत्र केले तर तुमचे सहा कुठले आणि विकतचे चार कुठले, हे सांगत बसावं लागेल.

८. ठेवलेला मासा

डोक्यावर, डोळ्यांच्या जरा मागे, जड काठीचा एकच नेमका घाव. टोपलीत तडफडत ठेवू नका; क्रूरपणा राहू द्या बाजूला, मांसही मऊ पडतं. लगेच पोट काढा आणि कण्याला चिकटलेली काळी रक्ताची शीर अंगठ्याच्या नखाने खरवडा, नाहीतर कडू लागतं. घाण नदीत टाकायची नाही, काठापासून लांब पुरायची. खवले इतके बारीक की काढायची गरज नाही. आपलं कांदा-लसूण मसाल्याचं लालभडक कालवण या माशाला झेपत नाही. मीठ, हळद, थोडं तेल आणि तवा. पहिल्यांदा माझं ऐकलं नाही तरी दुसऱ्यांदा ऐकाल.

९. परत निघताना

बूट, जाळी, पाण्यात गेलेले कपडे: माती आणि शेवाळ घासून काढा, पूर्ण वाळवा, मगच दुसऱ्या नदीवर न्या. एका खोऱ्यातले रोग आणि किडे ओल्या बुटातून दुसऱ्या खोऱ्यात जातात. तीर्थनहून उहलला निघालात तर हे मध्येच करावं लागेल, आणि साताऱ्यात परतल्यावर त्याच ओल्या बुटांनी थेट माहुलीला जायचं नाही. माझे बूट गच्चीवर चार दिवस उन्हात असतात. परवाना, वही आणि उरलेले सुताचे तुकडे त्याच पिशवीत ठेवतो, आणि पुढच्या वर्षीचं कॅलेंडर घरात आलं की पेनाने आधी ३१ ऑक्टोबरला गोल करतो, दिवाळी त्यानंतर बघतो.